अम्बवन : बौद्ध परंपरेतील आंब्याची लागवड, जोपासना आणि आपला वारसा

बौद्ध परंपरेतील वृक्षांचा विषय निघाला की आपल्यासमोर प्रथम पिंपळ उभा राहतो आणि त्यानंतर साल. पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली. कुशीनगरला सालवृक्षांच्या जोडीखाली तथागतांचे महापरिनिर्वाण झाले. परंतु या दोन घटनांच्या दरम्यान पंचेचाळीस वर्षांची चारिका आहे. त्या चारिकेत भगवान बुद्ध व भिक्खुसंघ कोठे उतरत होते, असा प्रश्न विचारून तिपिटकाची पाने उलटली तर एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे 'अम्बवन', म्हणजेच आमराई.

पिंपळ भिंतीच्या फटीतही आपोआप उगवतो, पक्षी त्याचे बी नेतात. साल हा अरण्याचा वृक्ष होय. आमराई मात्र कोणीतरी लावलेली असते, कोणीतरी राखलेली असते. म्हणून अम्बवनाचा इतिहास हा केवळ वृक्षाचा इतिहास नाही, तर तो माणसांच्या श्रमाचा, दानाचा आणि ज्ञानाचा इतिहास आहे. ही आमराई कोणी लावली, कोणी राखली आणि तिचे ज्ञान कोणाकडे होते, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात आम्ही या इतिहासाचा विचार करीत आहोत.

वृक्षाचा स्वभाव

आंबा हा उष्ण कटिबंधातील सदाहरित वृक्ष आहे. ईशान्य भारत व त्याला लागून असलेला म्यानमारचा प्रदेश हे त्याचे मूळ घर मानले जाते. सदाहरित म्हणजे त्याची पाने गळतच नाहीत असे नव्हे. जुनी पाने झाडावर असतानाच तांबूस कोवळी पालवी फुटते, त्यामुळे वृक्ष कधी उघडा पडत नाही. फाल्गुन-चैत्रात पळस आणि साग निष्पर्ण होतात, तेव्हाही आंब्याखाली दाट सावली असते. पायी फिरणाऱ्या संघाच्या दृष्टीने या सावलीचे मोल किती होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याचा दुसरा स्वभाव म्हणजे कोय साठवून ठेवता येत नाही. धान्याचे बियाणे कणगीत वर्षभर टिकते; आंब्याची कोय वाळली की तिच्यातील जीव संपतो. फळ खाल्ल्यावर थोड्याच आठवड्यांत, त्याच पावसाळ्यात, ती मातीत गेली पाहिजे. तिसरा स्वभाव असा की कोयीपासून वाढलेले रायवळ झाड फळावर येण्यास साधारणतः सहा ते दहा वर्षे घेते आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ उभे राहू शकते. याचा अर्थ उघड आहे. आंबा लावणारा मनुष्य दहा वर्षांनंतरही ही जमीन आपल्याच हाती राहील असे गृहीत धरून आंबा लावतो, किंवा फळ दुसऱ्याने खावे या भावनेने लावतो. पहिली गोष्ट हक्काची आहे, दुसरी दानाची.

अम्बवनाचे दाते

आता ही अम्बवने कोणाची होती ते पाहू. राजगृहातील अम्बवन जीवकाचे होते. विनयपिटकातील कथेप्रमाणे जीवक हा सालवती नावाच्या गणिकेचा पुत्र. जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले होते आणि अभय राजकुमाराने त्याला उचलून वाढविले. पुढे तक्षशिलेत वैद्यक शिकून तो मगधाचा राजवैद्य झाला. त्याच्याच आमराईत पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू भगवंतांच्या भेटीस आला आणि 'सामञ्ञफल सुत्त' सांगितले गेले. राजगीर येथील उत्खननात ज्या स्थळी लंबवर्तुळाकार दीर्घ दालनांचे अवशेष सापडले, ते स्थळ जीवकाम्रवन म्हणून ओळखले जाते.

वैशालीचे अम्बवन अम्बपालीचे. अट्ठकथेनुसार ती नवजात अवस्थेत आंब्याच्या झाडाखाली उद्यानपालाला सापडली आणि त्यावरूनच तिचे नाव पडले. अखेरच्या प्रवासात तथागत तिच्या आमराईत उतरले आणि त्यांनी तिचे भोजनाचे निमंत्रण स्वीकारले. लिच्छवींनी लाख मुद्रा देऊ करून तो मान मागितला. संपूर्ण वैशाली दिली तरी हे भोजन देणार नाही, असे तिने त्यांना बजावले. त्यानंतर तिने ती आमराई बुद्धप्रमुख भिक्खुसंघाला अर्पण केली. तीच अम्बपाली पुढे थेरी झाली.

पावा येथील अम्बवन चुंदाचे. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. तथागतांचे अखेरचे भोजन त्याच्याकडे झाले. आपल्या अन्नामुळे हे घडले असा पश्चात्ताप चुंदाला होऊ नये, म्हणून तथागतांनी आनंदाकडे खास निरोप ठेवला की संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे भोजन दोन्ही समान फलदायी आहेत. नालंदेचे अम्बवन पावारिक श्रेष्ठीचे. सातव्या शतकात तेथे विद्याध्ययन करणाऱ्या ह्युएन त्संगाने नोंदविलेल्या परंपरेप्रमाणे नालंदा महाविहाराची भूमी ही मूळची एक आमराईच होती आणि पाचशे व्यापाऱ्यांनी ती विकत घेऊन बुद्धांना अर्पण केली होती.

उकिरड्यावर टाकलेला मुलगा, झाडाखाली सापडलेली मुलगी, लोहाराचा मुलगा आणि व्यापारी अशी ही दात्यांची नामावली आहे. राजांनीही आराम दिले, बिंबिसाराचे वेळुवन प्रसिद्धच आहे. परंतु ज्यांची कुळे विचारली गेली असती तर ज्यांना मान खाली घालावी लागली असती, अशांच्या आमरायांत बुद्धधम्माची महत्त्वाची प्रवचने झाली. ब्राह्मणी व्यवस्थेत दान घेणाऱ्याचा वर्ण श्रेष्ठ ठरे आणि देणाऱ्याचे कुळ तपासले जाई. येथे संघाने सावली स्वीकारली, कुळ विचारले नाही.

राखणदार

दाता आणि राखणदार हे नेहमी एकच नसतात. आमराईला आळे, पाणी, कुंपण आणि पहारा लागतो. बौद्ध वाङ्मयाने या माणसांचीही आठवण ठेवली आहे. पालीत उद्यान राखणाऱ्याला 'उय्यानपाल' आणि विहाराच्या आवारात काम करणाऱ्याला 'आरामिक' म्हणतात. श्रावस्तीच्या कथेत राजाच्या माळ्याचे नाव गण्ड असे दिले आहे. त्याने पिकलेला आंबा भगवंतांना दिला. भगवंतांनी फळ ग्रहण करून कोय तेथेच मातीत लावावयास सांगितली आणि तिच्यावर हात धुतले. त्या कोयीचे क्षणात झाड झाले, हा कथेतील चमत्काराचा भाग. बाबासाहेबांनी दिलेल्या बुद्धिवादी कसोटीवर तो टिकत नाही आणि तो टिकविण्याची आपणास गरजही नाही. ताजी कोय, मोकळी केलेली माती आणि लगेच पाणी ही लागवडीची योग्य रीत मात्र त्या कथेत शिल्लक आहे. शिवाय एका माळ्याचे नाव त्या वृक्षाला मिळाले. 'गण्डम्ब' म्हणजे गण्डाचा आंबा.

विनयातील आणखी एक प्रसंग उद्बोधक आहे. बिंबिसाराने भिक्खूंना आपल्या बागेतील आंबे खाण्याची मोकळीक दिली होती. सहा जणांच्या गटातील भिक्खूंनी कोवळ्या कैऱ्याही पाडून खाल्ल्या. राजाला आंबा हवा झाला तेव्हा माळ्याजवळ एकही उरला नव्हता. राजाने राग धरला नाही, परंतु भगवंतांनी मात्रा जाणण्याची प्रशंसा केली आहे, याची आठवण करून दिली. लोकांत टीका झाली आणि भगवंतांनी आंब्यावर निर्बंध घातला. पुढे फळे कोणत्या पद्धतीने स्वीकारावीत याचे नियम करून तो शिथिल केला. दान मिळालेल्या झाडावरही ओरबाडण्याचा हक्क नसतो, हा या प्रसंगाचा बोध.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिलिन्दवच्छ थेरांना बिंबिसाराने पाचशे आरामिक दिल्याची आणि त्यांचे स्वतंत्र गाव वसल्याची कथा विनयात आहे. तथागतांनी आरामिक ठेवण्यास अनुमती दिली. परंतु जी माणसे राजाने 'दिली', त्यांची स्वतःची इच्छा काय होती, याविषयी ग्रंथ मौन पाळतात. समतेच्या धम्माचे अनुयायी म्हणून त्या पाचशे निनावी माणसांचे श्रम आपण विसरता कामा नये.

अशोकाची आमराई आणि लेण्यांतील वृक्षदान

व्यक्तीच्या दानाला राज्याच्या धोरणाचे रूप दिले ते सम्राट अशोकाने. राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षी कोरलेल्या सातव्या स्तंभलेखात तो सांगतो की पशू आणि मनुष्य यांना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, ठराविक अंतरावर विहिरी खोदल्या, विश्रामस्थाने बांधली आणि पाणपोया घातल्या. टोपरा येथील हा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीस आणला आणि तो आजही तेथे उभा आहे. या लेखातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. झाडांच्या उल्लेखाला लागूनच विहिरींचा उल्लेख येतो. सावली, पाणी आणि विसावा यांचा विचार अशोकाने एकत्र केला आहे आणि पशूला मनुष्याच्या बरोबरीने मोजले आहे.

प्रयागच्या स्तंभावर राणीचा लेख म्हणून प्रसिद्ध असलेली राजाज्ञा आहे. दुसरी राणी, तीवलाची माता कारुवाकी हिने केलेली आमराई, आराम वा दानगृह यांची दाने तिच्याच नावे नोंदवावीत, असा आदेश महामात्रांना दिलेला आहे. तेथे 'अंबावडिका' हा शब्द आहे. आपल्या मराठीतील 'वाडी' हा शब्द याच कुळातला. स्त्रीने लावलेली वाडी स्त्रीच्या नावे लागावी, ही आज्ञा बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली. आज सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावताना किती घरांत खळखळ होते, हे वाचकांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रातील लेण्यांतही वृक्षदानाच्या नोंदी आहेत, त्या वेगवेगळ्या वृक्षांच्या आहेत. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने, लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे आणि त्याबरोबर चिखलपद्र गावातील आठ हजार नारळीच्या झाडांचे दान आहे. जुन्नरच्या एका लेखात आडुथुम या शक उपासकाने दिलेल्या जमिनीचा उल्लेख करंज आणि वड या झाडांच्या संदर्भात, अनुक्रमे वीस व नऊ निवर्तने, असा येतो. मुद्दल कायम ठेवून व्याजावर चालणाऱ्या ठेवीला त्या काळी 'अक्षयनीवी' म्हणत. झाड हीही एक अक्षयनीवीच होय. फळ दरवर्षी घ्यावे, खोड मात्र अबाधित ठेवावे.

कोंब मारलेली कोय

आंब्याच्या ज्ञानाचा प्रश्न जातककथांत आला आहे. दधिवाहन जातकात वाराणसीच्या राजाला नदीत एक अपूर्व आंबा सापडतो. त्याची कोय दुधाच्या पाण्यावर वाढवून तो झाड करतो आणि तिसऱ्या वर्षी फळे येतात. राजा ती फळे इतर राजांना भेट म्हणून पाठवितो. परंतु पाठविण्यापूर्वी कोयीतून जेथे कोंब फुटतो नेमक्या त्या जागी काटा टोचून ठेवतो. फळ गोड लागते, पण कोय रुजत नाही. हे कपट ओळखलेला एक राजा आपला माळी तेथे पाठवितो. तो माळी त्या झाडाभोवती कडुनिंब आणि कडू वेली लावतो. मुळांना मुळे आणि फांद्यांना फांद्या भिडतात व आंबा कडू होतो. अमात्य असलेले बोधिसत्त्व कारण शोधून काढतात, कडू झाडे व तेथील माती काढून टाकून गोड माती घालतात आणि फळ पूर्ववत गोड होते.

कडुनिंबाच्या सान्निध्याने आंबा कडू होतो, याला उद्यानशास्त्राचा आधार नाही. कथाकाराला संगतीचा परिणाम सांगावयाचा होता. कोंबाला इजा झाली तर कोय रुजत नाही, हे मात्र खरे आहे. आम्हाला या कथेतील अधिक विचारणीय गोष्ट काट्याची वाटते. कथा शेजारच्या माळ्याला दोषी धरते, परंतु राजाच्या काट्याबद्दल फारसे बोलत नाही. या देशात ज्ञानाच्या बाबतीत शतकानुशतके हेच घडले. बहुजनांना व्रते, कथा आणि पुराणे यांचे गोड फळ चाखू दिले. ज्यातून नवे ज्ञान रुजते ते अध्ययन, ती लिपी, तो तर्क मात्र काट्याने मारून दिला. शूद्राने वेद ऐकू नये असे सांगणारी धर्मसूत्रे म्हणजे कोंबावर टोचलेला काटाच होय. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन करून बाबासाहेबांनी समाजाच्या हाती रुजणारी कोय दिली.

गुरूचे नाव

याच विषयाची दुसरी कथा अम्बजातकात आहे. त्यात बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मले आहेत. अकाली आंबे आणण्याची विद्या त्यांच्याजवळ आहे. सात पावलांवर उभे राहून झाडावर पाणी शिंपडले की जुनी पाने गळून नवी पालवी येते, मोहोर येतो आणि फळ धरते. एक ब्राह्मण तरुण त्यांच्या घरी राहून, लाकूडफाट्यापासून सर्व सेवा करून ती विद्या मिळवितो. गुरूची अट एकच असते की कोणाकडून शिकलास असे विचारले तर लाजू नकोस. राजाने विचारल्यावर तो चांडाळाचे नाव सांगण्यास लाजतो आणि तक्षशिलेच्या विख्यात आचार्यांचे नाव घेतो. त्याच क्षणी विद्या नष्ट होते. सत्य कळल्यावर राजा त्याला धिक्कारून गुरूकडे परत पाठवितो. ज्याच्याकडून धर्म जाणावा तो कोणत्याही कुळाचा असो, तोच आपणासाठी श्रेष्ठ, असा या कथेचा निष्कर्ष आहे. गुरू मात्र दुसऱ्यांदा ती विद्या देत नाहीत.

मंत्र आपण सोडून देऊ. पालवी, मोहोर आणि फळ हा क्रम मात्र निरीक्षणातून आलेला आहे. झाडाजवळ राबणाऱ्याजवळच हे निरीक्षण असते आणि नाव मात्र दूरच्या आचार्याचे होते. शेती, चामडे, औषधी, वस्त्र अशा किती क्षेत्रांत ही लबाडी झाली असेल! शिकलेल्या आपल्या पिढीलाही ही कथा लागू आहे. नोकरीच्या ठिकाणी आडनाव लपविणारा आणि बाबासाहेबांचे नाव घेताना आवाज खाली करणारा सुशिक्षित मनुष्य त्या तरुणाहून फारसा वेगळा नाही.

नागसेन आणि आंब्याची चोरी

'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद पुनर्जन्मात जो येतो तो तोच की दुसरा, असे विचारतो. भदंत नागसेन दृष्टांत देतात. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि बचाव केला की याने लावलेले आंबे वेगळे होते, मी नेलेले वेगळे आहेत. तर तो सुटेल काय? सुटणार नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यावर अवलंबून आहेत. उद्यानशास्त्रानेही हा दृष्टांत मोठा अचूक आहे. आपल्याकडील बहुतेक आंब्यांत कोयीपासून वाढलेल्या झाडाचे फळ मूळ फळासारखेच येईल याची खात्री नसते. ते तेच नसते, आणि त्याहून सर्वस्वी वेगळेही नसते. आत्मा न मानताही कर्माची जबाबदारी कशी टिकते, हे याहून सोप्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

बाबासाहेबांनी तत्कालीन औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. त्या परिसराला 'नगर' म्हटले नाही, 'वन' म्हटले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जीवकाचे अम्बवन, बिंबिसाराचे वेळुवन, अनाथपिंडिकाचे जेतवन यांच्या ओळीत नागसेनवन येऊन बसते.

जमिनीचा प्रश्न

आंबा लावण्यासाठी जमीन लागते हे आम्ही आरंभीच सूचित केले आहे. आपल्या पूर्वजांकडे हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी होत्या, पण त्या गावाची आणि सरकारची चाकरी करण्याच्या अटीवर. चाकरी चुकली तर वतन जाण्याची भीती. अशा जमिनीवर दहा वर्षांनी फळ देणारे झाड कोण लावील? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले; कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली, तेव्हाही लाभासाठी स्वतःची जमीन लागत होतीच. ज्याच्याकडे गुंठाही नाही त्याने आंबा कोठे लावावा? या प्रश्नाचे एक उत्तर विहाराची सामायिक भूमी हे आहे. म्हणूनच विहाराच्या आवाराला फरशी घालून ते कायमचे झाकून टाकण्यापूर्वी उपासकांनी दोनदा विचार करावा, असे आम्हास वाटते.

विहारातील आंब्याची जोपासना

लागवडीची रीत कठीण नाही. उन्हाळ्यात साधारण एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा काढून तो उन्हात तापू द्यावा. नंतर चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी तो भरावा आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे. आज ते फार वाटेल, पण वीस वर्षांनी फांद्या एकमेकींना भिडतील. ताजी कोय जागेवरच लावली तर मूळ सरळ खोल जाते. कलम लावल्यास जोड जमिनीच्या वर राहील हे पाहावे आणि जोडाखालून येणारे फुटवे काढावेत, अन्यथा खुंटच वाढतो आणि कलम मरते. रोपाला काठीचा आधार द्यावा. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे, मात्र बुंध्याशी ते साचू देऊ नये. कलमाला पहिल्या तीन-चार वर्षांत आलेला मोहोर खुडून टाकावा, म्हणजे झाडाची शक्ती वाढीकडे जाते. मोहोराच्या काळात तुडतुडे व भुरी यांकडे लक्ष ठेवावे. फांदीवर बांडगूळ दिसताच ते मुळासकट काढावे. ते हिरवे दिसते म्हणून फसू नये, ते आंब्याच्याच रसावर जगते.

वर्षावासाच्या आरंभी, आषाढ पौर्णिमेला, प्रत्येक विहाराने किमान एक आंबा लावावा आणि तीन वर्षे पाणी घालण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. रोप लावणाऱ्याचे छायाचित्र निघते, पाणी घालणाऱ्याचे निघत नाही. म्हणून विहाराच्या नोंदवहीत त्याचे नाव आधी लिहावे. त्या झाडाच्या फळांची कोय मागेल त्याला द्यावी आणि ती कोणत्या विहारातून, कोणाच्या हातून मिळाली हे त्याने विचारणाऱ्यास न लाजता सांगावे. अम्बवनाचा वारसा जपणे याहून वेगळे नाही.